खाटा मोजता, तसे उभे राहिलेलेही मोजा

२०२७च्या सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून नाशिकमध्ये आरोग्यसेवेचा विषय निघाला की बोलणे लगेच आकड्यांवर येते. आयसीयूच्या खाटा किती, व्हेंटिलेटर किती, ऑक्सिजनची टाकी केवढी. असे मोजणाऱ्यांना कुणी नावे ठेवू नयेत. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि त्या एका दिवसात २२ रुग्ण दगावले. हे पाहिलेले शहर खाटा आणि टाक्या मोजणारच. दुसरीकडे तितक्याच तावातावाने बोलला जाणारा मुद्दा म्हणजे आयसीयू ही निव्वळ लूट आहे, चालता-बोलता माणूस आत जातो आणि लोळागोळा होऊन परत मिळतो. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने २४ तज्ज्ञांकडून आयसीयूत कुणाला घ्यावे, कुणाला घेऊ नये याच्या मार्गदर्शक सूचना तयार करून घेतल्या, तेव्हापासून या बाजूला आणखी जोर आला. पण दोन्ही बाजूंचे भांडण आयसीयूच्या दाराशीच थांबते. आत कोण गेला, किती दिवस राहिला, बिल किती झाले. बाहेर आलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे कुणीच विचारत नाही. माझे म्हणणे असे की आयसीयूची पारख एका साध्या गोष्टीवर व्हायला हवी: तिथून जिवंत सुटलेला माणूस तीन महिन्यांनी आधाराशिवाय खुर्चीतून उठतो का, संडासला एकटा जाऊन येतो का? ज्या खाटेमागे या प्रश्नाची तजवीज नाही, ती खाट कागदावर पूर्ण असली तरी प्रत्यक्षात अर्धीच उभारली आहे.

आधी हे दुखणे नेमके काय आहे ते पाहू, कारण ‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’ या चार शब्दांत ते रोज उडवून लावले जाते. विल्यम ऑस्लर या वैद्यकशिक्षकाने १८९२मध्येच लिहून ठेवले होते की सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला संसर्ग, लांबला की रुग्णाचे मांस झपाट्याने झडते. १९८४मध्ये कॅनडात चार्ल्स बोल्टन आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांची नोंद केली. त्यांचा मूळ आजार आटोक्यात आला होता, तरी व्हेंटिलेटर सुटत नव्हता. तपासणीत हातापायांच्या नसाच (रक्तवाहिन्या नव्हे, मज्जातंतू) खराब झालेल्या आढळल्या. आज आपल्याला याचे दोन भाग माहीत आहेत. संसर्ग रक्तात पसरल्यावर बारीक रक्तवाहिन्यांतला पुरवठा बिघडतो आणि सगळ्यात लांब नसांची टोके आधी खराब होतात, म्हणून पावले उचलत नाहीत. दुसरीकडे शरीर स्वतःच्याच स्नायूंतली प्रथिने तोडून वापरायला काढते आणि मायोसिन या स्नायू आकसवणाऱ्या प्रथिनाचे जाड तंतू नाहीसे होतात, म्हणून मांड्या आणि खांदे जातात. बहुतेकांत दोन्ही थोडेथोडे असते. लंडनमध्ये २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूचा आडवा छेद सोनोग्राफीने मोजला, तर दहा दिवसांत तो सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटला होता. एकाहून जास्त अवयव बिघडलेल्यांत घट याहून मोठी. श्वासाच्या पडद्याचे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूचे, हाल तर त्याहून लवकर होतात. २००८मधल्या एका अभ्यासात १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरने पूर्ण श्वास दिलेल्या, मेंदू मृत झालेल्या अवयवदात्यांच्या पडद्याचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झालेले दिसले. तीन दिवससुद्धा नाहीत!

म्हणून ‘दवाखान्यानेच लोळागोळा केला’ हा आरोप अर्धा चुकीचा आहे. नसा आणि स्नायू खाणारा पहिला शत्रू आजारच असतो, आणि व्हेंटिलेटर नसता तर तक्रार करायला तो माणूस उरला नसता. पण आरोपाचा उरलेला अर्धा भाग डॉक्टरांनी ऐकून घेतला पाहिजे. गरजेहून खोल गुंगी, दिवसेंदिवस उताणे पडून राहणे, बेसुमार चढलेली साखर, लांबलेले स्टेरॉइड, स्नायू शिथिल करणारी औषधे गरज संपल्यावरही चालू राहणे, हे सगळे आजाराच्या जखमेवर आणखी घाव घालते. यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात असतात.

आणि अंथरुण हे औषध आहे, ही समजूत वैद्यकाने एकदा मोडून काढलेली आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला पूर्वी सहा-सहा आठवडे बिछान्यात पडून ठेवत, कूससुद्धा बदलू देत नसत. १९५२मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसवायला सुरुवात केली. हा घातपात आहे, अशी ओरड झाली. रुग्ण मात्र तगले, आणि आज झटक्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात चालणारा माणूस पाहून कुणाला नवल वाटत नाही. त्याच वर्षी, त्याच १९५२मध्ये, कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, हातांनी पिशवी दाबून रुग्णांचे श्वास चालू ठेवले, आणि त्यातून पुढे आयसीयू जन्माला आला. एका शहरात खाट माणसाचे काय करते हे कळले, दुसऱ्यात खाटेभोवती यंत्रे कशी उभारायची हे कळले. आपण दुसरे ज्ञान जिल्ह्याजिल्ह्यात पोहोचवले. पहिले वाटेत का राहिले?

याला पहिले उत्तर ठरलेले असते: आधी जीव वाचवू द्या, चालण्याचे मग बघू. ज्या डॉक्टरसमोर रक्तदाब कोसळलेला रुग्ण आहे, त्याच्या तोंडी हे वाक्य शोभते, आणि त्या तासाला तेच खरे असते. गफलत होते ती ‘मग’ या शब्दात. मांडीचा स्नायू पहिल्या दहा दिवसांत झडतो. चौदाव्या दिवशी खोली बदलताना फिजिओला बोलावले, तर तो येईपर्यंत मोठे नुकसान होऊन गेलेले असते. रक्तदाब स्थिर झाला, व्हेंटिलेटरमधून द्याव्या लागणाऱ्या हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आत आले की श्वासाची नळी तोंडात असतानाही हालचाल सुरक्षितपणे सुरू करता येते, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. शिकागो आणि आयोवामधला १०४ रुग्णांचा २००९चा अभ्यास याचा भक्कम पुरावा. एका गटाची हालचाल नळी घातल्यापासून साधारण दीड दिवसात सुरू झाली, दुसऱ्याची सात दिवसांनंतर. रुग्णालयातून जाताना स्वतःचे स्वतः करू शकणारे पहिल्या गटात ५९ टक्के होते, दुसऱ्यात ३५.

विरोधी बाजूचा सगळ्यात दणकट मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०२२मध्ये सहा देशांतल्या ७५० रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला लवकर आणि जास्त व्यायाम दिला. सहा महिन्यांनी घरी जिवंत काढलेले दिवस मोजले तर फरक पडलाच नाही: १४३ विरुद्ध १४५. उलट हृदयाची लय बिघडणे, रक्तदाब घसरणे असे हालचालीमुळे झालेले त्रास जास्त व्यायामाच्या गटात ९.२ टक्के, दुसऱ्यात ४.१. मग व्यायामाचा आग्रह कशाला? कारण त्या अभ्यासातला दुसरा गट पडून नव्हता. त्यालाही रोज सरासरी सुमारे नऊ मिनिटे सक्रिय हालचाल मिळत होती, पहिल्याला एकवीस. दोन्ही गट त्याच आयसीयूंतले होते, फिजिओ आणि नर्स दोघांनाही होत्या. तेव्हा त्या अभ्यासाने सांगितले ते इतकेच की नऊची एकवीस करून नुसती घाई उपयोगाची नाही. ज्या आयसीयूत दिवसभरात एक मिनिटही कुणी रुग्णाला बसवत नाही, त्या आयसीयूची पाठराखण करायला हा अभ्यास वापरणे म्हणजे चौथी पोळी अंगी लागत नाही, म्हणून उपाशी ठेवण्यासारखे आहे. एक धडा मात्र त्यातून जरूर घ्यावा: जबरदस्ती नको, मोजून-मापून हवे.

मोजून-मापून म्हणजे कसे? सकाळी गुंगीचे औषध थांबवायचे किंवा निम्मे करायचे आणि रुग्णाला पाच गोष्टी सांगायच्या. “आजोबा, डोळे उघडा आणि मिटा. माझ्याकडे बघा. तोंड उघडून जीभ दाखवा. मान हलवा. मी पाचपर्यंत मोजते, तेवढ्यात भुवया वर करा.” यातल्या निदान तीन जमल्या की तो तपासणीपुरता जागा आहे. मग दोन्ही बाजूंचे खांदा, कोपर, मनगट, नितंब, गुडघा, घोटा असे बारा गट तपासायचे आणि प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्यायचे. स्नायू जराही आकसला नाही तर शून्य, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता आले तर तीन, पूर्ण ताकद पाच. एकूण साठ. अठ्ठेचाळीसच्या खाली आले तर आयसीयूतला स्नायूदौर्बल्याचा आजार जडला आहे असे धरायचे. यंत्र लागत नाही, सुई लागत नाही, दहा मिनिटे लागतात. नंतर खाटेच्या कडेला बसवणे. एक जण नळी आणि तिचे फाटे हातात धरून डोक्याशी, त्याने दुसरीकडे बघायचेही नाही. लघवीची पिशवी आधी त्याच बाजूला घ्यायची, नाहीतर पाय खाली येताना कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ताणतो. सलाईनची नळी किती पुरते ते आधी पाहायचे. रुग्णाला कुशीवर वळवून पाय खाली सोडायचे आणि मगच खांदा उचलायचा. बसल्यावर पहिली दोन मिनिटे मॉनिटर बघायचा: नाडी १३०च्या वर, रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली, सरासरी रक्तदाब ६५च्या आत किंवा श्वास मिनिटाला ४०च्या वर गेला की परत झोपवायचे, उद्या पुन्हा. पावले जमिनीला टेकलीच पाहिजेत. लोंबत्या पायांनी बसलेला माणूस कमरेतून घसरतो.

जो अजून बसू शकत नाही, त्याच्यासाठीही करण्यासारखे बरेच आहे, आणि ते चुकले तर त्याची किंमत महिनोन्महिने मोजावी लागते. पाय बाहेरच्या अंगाला कलंडून गुडघ्याखालची नस खाटेच्या कठड्यावर दाबली गेली की पाऊल लटके पडते. टाच गादीवर टेकून राहिली की तिथे जखम होते. पोटरीखाली उशी द्यावी, टाच अधांतरी राहावी, घोटा दिवसातून दोन-तीनदा काटकोनात आणावा. एवढे करायला पदवी लागत नाही.

इथे खर्चाचा आणि माणसांचा मुद्दा येतो, आणि तो खरा आहे. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक नर्स असावी हा दंडक. रात्रपाळीत एकीच्या अंगावर तीन-चार रुग्ण पडले तर ती गुंगी वाढवणार, हात बांधणार, कारण नळी ओढून काढलेला रुग्ण तिला परवडत नाही. तिला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. पण गुंगी रोज थांबवून पाहिली तर व्हेंटिलेटरचे दिवस ७.३वरून ४.९वर येतात, हे शिकागोत २००० सालीच दिसले होते. आयसीयूचा एकेक दिवस किती हजारांचा असतो ते बिल भरणाऱ्याला विचारा. फिजिओचा पगार वाचवणारे रुग्णालय तो खर्च कुणाच्या खिशातून काढते? आणि बाहेरच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून दिवसरात्र बसलेला मुलगा किंवा सून, त्यांना हात धुऊन, मास्क लावून दिवसातून दोनदा आत घेतले, पोटरीखालची उशी कशी द्यायची, घोटा कसा वळवायचा हे शिकवले, तर मनुष्यबळ थोडे तरी वाढते. शिवाय ओळखीचा आवाज ऐकून रुग्ण भानावर राहतो तो वेगळाच फायदा. नातेवाईक फक्त औषधे आणायला आणि सह्या करायला, ही पद्धत आता मोडायला हवी.

खरी पडझड घरी होते. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी असते आणि खाली एक ओळ: पूर्ण विश्रांती. ही ओळ बहुतेकांसाठी चुकीची आहे. टोरांटोच्या मार्गारेट हेरिज यांच्या गटाने फुप्फुसे निकामी होऊन वाचलेल्या १०९ जणांचा पाठपुरावा केला. वर्षभराने त्यांच्यातले ४९ टक्केच कामावर परतले होते. पाच वर्षांनी फुप्फुसांची तपासणी जवळपास सामान्य आली, तरी सहा मिनिटांत ते चालू शकत होते ४३६ मीटर, म्हणजे वयाच्या मानाने अपेक्षित अंतराच्या ७६ टक्के. रिपोर्ट चांगला आणि माणूस थकलेला, ही विसंगती घरच्यांना समजत नाही. मग ‘मनाने घेतलंय’, ‘काका, जरा मन घट्ट करा’ सुरू होते. मन घट्ट करून झडलेला तंतू भरून येत नाही.

भरून येतो तो थोड्या-थोड्या श्रमाने आणि अन्नाने. हातांच्या खुर्चीत उशी ठेवून बैठक उंच करावी, हातांनी रेटा देत उठावे आणि सावकाश बसावे. पाच वेळा, दिवसातून तीनदा. चार-पाच दिवस सहज जमले की उशी काढावी, नंतर हातांचा आधार कमी करावा. चालताना दोन वाक्ये सलग बोलता आली पाहिजेत. कोविडच्या वेळचे बोटाचे ऑक्सिमीटर अनेक घरांत अजून कपाटात आहे, चालताना ऑक्सिजन पाहायला ते बाहेर काढावे. आज केलेल्या श्रमाने उद्याचा अख्खा दिवस अंथरुणात गेला तर मात्रा जास्त झाली असे समजून निम्मी करावी, बंद करू नये. भारतीय पद्धतीच्या संडासातून उठायला मांड्यांना जे बळ लागते ते शेवटी येते, तोवर कमोड खुर्ची आणण्यात कसला कमीपणा नाही.

अन्नाचेही तसेच. आजाऱ्याला पेज, साबुदाण्याची खीर, नारळपाणी, ही आपली माया. पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. सावरणाऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच. एका जेवणात हे बसत नाही, दिवसातून पाच-सहा वेळा विभागावे लागते. इथेही विरोधी पुरावा आहे: आयसीयूत असतानाच प्रथिने दुपटीने दिली तर फायदा होत नाही आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांना अपाय होतो, असे २०२३च्या १३०१ रुग्णांच्या अभ्यासात दिसले. म्हणून महागड्या डब्यांची घाई आयसीयूत नको आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरीही नको. अन्न कामी येते ते हालचालीच्या जोडीने.

सगळाच थकवा या खात्यात टाकू नये, हेही सांगायला हवे. रक्त कमी, पोटॅशियम किंवा फॉस्फेट कमी, थायरॉइड, बी-१२, नैराश्य, झोप उडणे, हे शोधून काढता येते आणि बरे करता येते. घरी गेल्यावर काही आठवड्यांनी श्वास घेताना शीळ वाजू लागली तर नळीमुळे श्वासनलिका आक्रसली असावी. तिथे व्यायाम नाही, तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञ. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात कीटकनाशकाच्या विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत मान उचलेनाशी झाली तर तो वेगळाच धोका असतो, श्वास कधीही थांबू शकतो.

आता सरकारकडे वळू. आयुष्मान भारत योजनेत दाखल होण्याआधीचे ३ आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरले जातात. स्नायू १५ दिवसांत भरत नाही. पेठ-सुरगाण्याच्या माणसाने सावळ घाटातून एसटीने, उभे राहता येत नसताना, फिजिओसाठी नाशिकला आठवड्यातून तीनदा यावे अशी अपेक्षा कुणी करत असेल तर त्याने ती बस एकदा पाहावी. हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते. क्षयरोग्याला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १००० रुपये मिळतात. घरी जाऊन पाठपुरावा करता येतो आणि अन्न हा उपचाराचा भाग आहे, ही दोन्ही तत्त्वे सरकारने कधीच मान्य केली आहेत. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून हे काम वेगळ्या मोबदल्याशिवाय लादू नये. एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत व्हेंटिलेटरवरून परत आलेले रुग्ण बाळंतिणींच्या मानाने अगदी थोडे असतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगाराला ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) आजारपणाची रजा वर्षात ९१ दिवस, ७० टक्के पगारावर मिळते. आठ तास मशीनसमोर उभे राहण्याची ताकद ९१ दिवसांत आली का, हे तपासायला त्याच्याकडे आज कुठला कागद आहे?

तो कागद नाशिकमध्ये सुरू करणे सोपे आहे. राज्याच्या नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमांची सूत्रे हलवणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे. सिंहस्थासाठी खरेदी होणाऱ्या प्रत्येक व्हेंटिलेटरच्या फाइलला फिजिओच्या आणि नर्सच्या जागांचा प्रस्ताव जोडलेला असावा, आणि मेळा उठल्यावरही त्या जागा राहाव्यात. तीन दिवसांहून अधिक व्हेंटिलेटरवर राहिलेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘पूर्ण विश्रांती’च्या जागी चार नोंदी याव्यात: साठपैकी गुण किती, आधाराशिवाय खुर्चीतून उठता येते का, गिळताना ठसका लागतो का, आणि दुसऱ्या, सहाव्या व बाराव्या आठवड्यात कुणी, कुठे तपासायचे. बाराव्या आठवड्याचे उत्तर रुग्णालयाने महापालिकेला किंवा जिल्हा परिषदेला कळवावे, आणि खाटांच्या आकड्याशेजारी तो आकडाही दर तिमाहीला प्रसिद्ध व्हावा.